आज्जीचा राघू चालतो, मग माझा अजगर का नाही?

मी समुपदेशक आहे. गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी एक जोडपं माझ्यासमोर येऊन बसलं आणि बोलायला कोणी सुरुवात करायची यावरून दोघांची नजरानजर सुरू झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "मॅडम, मुलगा नववीत आहे. त्याला अजगर हवाय."

मला आधी वाटलं, अजगर हे कुठल्या तरी गेमचं नाव असेल. तसं नव्हतं. खराखुरा, चार फुटी, मूळचा आफ्रिकेतला बॉल पायथन.

"मग नाही म्हणायचं," मी म्हटलं.

"तीच तर अडचण आहे," नवरा म्हणाला. "मी हो म्हणून बसलोय."

नावं बदलून सांगते, ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेत. आई मेघना, वडील अभिजित, मुलगा ओजस. सिंहगड रस्त्याला फ्लॅट, मूळ घर जयसिंगपूरकडचं. ओजस आठवीत असताना गणितात घसरला तेव्हा अभिजितनी जेवता जेवता म्हटलं होतं, "नव्वद टक्के पाड, मग आण तुझा अजगर." मुलगा तेव्हा ७२ टक्क्यांवर होता. एप्रिलमध्ये निकाल लागला तो ९१. त्यानंतर बापानं टोलवाटोलवी सुरू केली. आधी म्हणे उन्हाळ्यात साप टिकत नाहीत, मग पावसाळा जाऊ दे, मग सोसायटीला विचारावं लागेल. जुलैच्या अखेरीला ओजसनं वडिलांशी बोलणं बंद केलं. आईमार्फत निरोप जायचे.

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून बऱ्याचदा येतो, प्राणी तेवढा बदलतो. कधी इग्वाना, कधी शुगर ग्लायडर, कधी हेजहॉग, कधी परदेशी पोपट. कारणं मात्र ठरलेली असतात. सोसायटीत कुत्र्यावरून भांडणं होतात, मांजराचे केस उडतात, आणि 'हा' म्हणजे काय, काचेच्या पेटीत पडून राहतो, भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. मुलाला जबाबदारी कळेल आणि आपल्याला त्रास नाही, असा दुहेरी हिशेब. त्रास नाही याचा अर्थ त्या प्राण्याला होणारा त्रास आपल्याला दिसत नाही एवढाच असतो. कुत्रा कंटाळला की सोफा फाडतो. साप कंटाळला, आजारी पडला, थंडीनं गारठला, तरी आपल्या दृष्टीनं तो जसा पडलेला असतो तसाच पडलेला दिसतो.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय, पण मला हे कळलं ते एक चूक करून. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका लाजऱ्या मुलीच्या आईवडिलांना मीच सुचवलं होतं, "कुत्रा जमत नसेल तर एखादं छोटं कासव आणा." दुकानात मिळतं ते, डोळ्यामागे लाल पट्टी असलेलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. ते कासव अमेरिकेतलं. वाढून जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि तीस-तीस वर्षं जगतं, हे मला कुठं माहीत होतं? त्याच्या अंगावरून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग लहान मुलांना होतो म्हणून खुद्द अमेरिकेतच १९७५ सालापासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे, हेही नंतर कळलं. मुलगी दोन वर्षं रमली. मग टाकीतलं पाणी वास मारायला लागलं, टाकी पुरेना, दहावी आली. एका संध्याकाळी घरच्यांनी कासव नदीत सोडलं आणि मला फोन करून आनंदानं सांगितलं, "मॅडम, त्याला स्वातंत्र्य दिलं." परक्या देशातलं हावरट कासव आपल्या नदीत सोडलं की ते इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. मी 'अरे वा' म्हणाले होते. ते 'अरे वा' मला अजून टोचतं.

तर ओजस. पुढच्या आठवड्यात तो एकटा आत आला. हातात प्लास्टिकची फाइल. खुर्चीवर टेकत म्हणाला, "तुम्ही नाही म्हणायला बसलाय ना?"

"मला अजून काही माहीतच नाही. तू सांग."

त्यानं सांगितलं, आणि काय सांगितलं! पेटी किती लांब हवी, एका बाजूला ३१-३२ अंश उष्णता आणि दुसरी बाजू थोडी थंड का हवी, आर्द्रता कमी झाली तर कात अडकते, हा साप एकेकदा महिनोन्‌महिने खात नाही तरी घाबरायचं नाही. वीस-पंचवीस वर्षं जगतो. मी निम्म्या वेळेला फक्त मान हलवत होते. गणितात घसरलेल्या या मुलानं विजेचं महिन्याचं बिल किती वाढेल ते काढून आणलं होतं.

"याला बॉल का म्हणतात?" मी विचारलं.

"घाबरला की चेंडू होतो. डोकं मधे घालून घट्ट वेटोळं करतो."

"तू मघाशी मोबाइलवर दाखवलास, त्या मुलाच्या तळहातावर असाच गुंडाळून बसला होता ना?"

ओजसनं मोबाइल पुन्हा काढला. चित्र मोठं करून बघितलं. काही बोलला नाही. मीही ताणलं नाही.

मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. "कायद्याचं म्हणाल तर हे बघा." फाइलीत नियमांची छापील प्रत होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. परदेशी प्राण्यांपैकी ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं नियंत्रण आहे त्यांची वेगळी अनुसूची झाली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी अर्ज करायचा. बॉल पायथन त्यात बसतो. "म्हणजे नोंदणी केली की माझा अजगर कायदेशीर," ओजस म्हणाला. "आणि आज्जीचा राघू बेकायदेशीर. तो चालतो, मग माझा अजगर का नाही?"

मी आईवडिलांना आत बोलावलं. राघूचा विषय निघताच मेघनाताईंचा चेहरा उतरला. त्यांना माहीत होतं. अभिजितना नव्हतं.

"पोपट? पोपट तर सगळेच पाळतात!"

पाळतात खरे. गळ्यात गुलाबी-काळा कंठ असलेला आपला साधा पोपट, ज्याला आपण राघू, मिठू, विठू म्हणत पेरूची फोड देतो, तो वन्य पक्षी आहे. कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तो पकडणं, विकणं, घरात पिंजऱ्यात ठेवणं, तिन्ही गुन्हे; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची नोंदणी वगैरे काही होत नाही, कारण तो कोणाच्या मालकीचा होऊच शकत नाही. लव्हबर्ड, बजी, कॉकटिएल हे परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेले पक्षी वेगळे. पण राघू म्हणजे रानातला. झाडाच्या ढोलीतून पिसंसुद्धा न फुटलेली पिल्लं काढून टोपलीतून आणतात आणि त्यातली बरीचशी वाटेतच संपतात. जगलेलं पिल्लू माणसाळतं, बोलायला लागतं, आणि आपण म्हणतो, बघा कसा रमलाय.

माणसाळणं आणि पाळीव असणं यांतला फरक मी त्या दिवशी अभिजितना समजावला, कारण 'मग कुत्रा तरी कुठं माणूस आहे' हे त्यांचं पुढचं वाक्य होतं. कुत्रा, गाय, शेळी या प्राण्यांच्या शेकडो पिढ्या माणसासोबत घडल्यात. माणसाचं घर हीच त्यांची जागा झाली. राघूचं किंवा अजगराचं तसं नाही. एखादा राघू आपल्याला सरावतो, त्याची जात सरावत नाही. पेटीत जन्मलेल्या अजगरालाही अंधारात, बिळात, एकटं राहायचंच कळतं. त्याला कुरवाळलेलं आवडत नाही. फार तर तो ते सोसतो.

"पण हेमलकशाला प्रकाश आमटे बिबट्यांबरोबर राहिलेच ना?" हे ओजस बोलला. मराठी घरात हा प्रश्न येतोच, आणि यायलाही हवा. त्यांचा तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू बघून आमट्यांनी ते मागून घेतलं, तिथून ते अनाथालय उभं राहिलं. आईबाप मेलेली पिल्लं तिथं आली. कोणी दुकानात जाऊन, रंग पसंत करून, भाव करून आणली नाहीत. ओजसला मी एवढंच विचारलं, "तुझ्या अजगराचं आत्ता काय अडलंय, ज्यासाठी त्याला तुझी गरज आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. "मलाच गरज आहे." आणि लगेच, "पण मग राघूलाही आज्जीची गरज नव्हतीच की."

पोरगं बरोबर बोलत होतं. इथं मला एक कबूल करायला हवं. घरातल्या मोठ्यांचा प्राणी 'प्रेमानं' आणि लहानांचा 'खुळानं', अशी वाटणी मीही मनात करूनच बसले होते. ओजसला नुसता कायदा सांगून गप्प करण्याची सोय उरली नव्हती, कारण कायदा त्याच्या बाजूनं होता. आणि आज्जीला सोडून त्याच्यापुरता न्याय केला असता तर या मुलानं पुन्हा कुठल्याही मोठ्या माणसाचं काही ऐकलं नसतं.

मी त्याला तीन आठवड्यांचं काम दिलं. दोन वह्या घालायच्या. एक, न आणलेल्या अजगराची: रोज जे जे करावं लागलं असतं ते खरोखर करायचं, निदान फोन करून विचारायचं. दुसरी, राघूची: रोज अर्धा तास पिंजऱ्यासमोर बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. मत लिहायचं नाही, दिसलं तेच.

पहिली वही आठवड्यातच अडखळली. अजगर काय खातो? उंदीर. ते गोठवलेले मिळतात, ते घरात साठवावे लागतात, आणि हे घर जैन. कांदा-लसूण न खाणाऱ्या आज्जींच्या, म्हणजे आक्कांच्या, फ्रीजमध्ये उंदीर! मेघनाताई हे सांगताना हसत होत्या, पण ओजस हसण्यावारी नेणारा नव्हता. त्यानं वेगळ्या छोट्या फ्रीजरची किंमत काढली. मग त्यानं सापावर कोण इलाज करतं हे विचारायला पाच दवाखान्यांत फोन केले. चौघांनी नाही म्हटलं, पाचव्यानं 'बघू, घेऊन या' म्हटलं. वहीत त्यानं लिहिलं होतं: 'बघू म्हणजे माहीत नाही.' मे महिन्यात सगळे आठ दिवस जयसिंगपूरला जातात तेव्हा सापाकडे कोण बघणार, या पानावर शेजारच्या तीन मित्रांची नावं लिहून तिन्ही खोडलेली होती.

दुसरी वही मात्र मी घरी नेऊन दोनदा वाचली. त्यातलं एक पान त्याच्या परवानगीनं देते.

'सकाळी ६.४०. बाहेरून पोपटांचा थवा गेला. आवाज यायच्या आधीच राघू दांडीवरून उतरून सळ्यांना लटकला. चोचीनं सळई धरली. थव्यासारखाच ओरडला, सात वेळा. दिवसभर असा ओरडत नाही. थवा गेला. तो दांडीवर गेला. छातीवरचं एक पीस उपटलं. ६.४६ ला आणखी एक. मग आज्जी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाला, अगं.'

त्यापुढचे पाच दिवस वेळ तेवढी बदलते, बाकी तेच. ६.३८, ६.४१, ६.४०.

आक्कांना माझ्याकडे आणायचा प्रयत्न फसला होता. "मी कशाला येऊ? माझं डोस्कं ठिकाणावर हाय," असा निरोप आला. मी सहसा कोणाच्या घरी जात नाही. या वेळी गेले. हे सप्टेंबरमधलं. जयसिंगपूरजवळच्या नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला नेलं त्याला दीड महिना झाला होता आणि आक्कांचं माहेर नांदणीपासून दोन कोसांवर. मी चप्पल काढते न काढते तोच त्या म्हणाल्या, "आमची महादेवी नेली. आता माझ्या राघूच्या पाठी लागलायसा व्हय?"

मी म्हटलं, "आक्का, मी वनखात्याची न्हाई. चहा प्यायला आलेय."

महादेवीच्या प्रश्नात मी शिरले नाही. तिथं एका बाजूला हत्तिणीची तब्येत होती आणि दुसऱ्या बाजूला गावाचं तीस वर्षांहून जुनं नातं. तिला परत आणा म्हणत मोर्चात चाललेली माणसं खोटं रडत नव्हती, आणि हत्तिणीच्या पायांचं दुखणंही काही कोणी रचलेलं नव्हतं. पण मला आक्कांशी वाद घालायचा नव्हता. मला राघू बघायचा होता.

गॅलरीत कपडे वाळत होते त्याच्या बाजूला पिंजरा. पितळी वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एक हिरवी मिरची, डाळिंबाचे दाणे. पिंजरा घासून लख्ख. राघूच्या छातीवर रुपयाएवढा उघडा, राखाडी चट्टा. पंखांची टोकं कातरलेली. मी खुर्ची ओढली तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं!" बाप्याचा आवाज, थोडा घोगरा, जरा घाईत असल्यासारखा. मी वळून बघितलं. कोणी नव्हतं.

आक्कांनी पदर सारखा केला. "ह्यांची हाक हाय ती."

आक्कांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच बाजारातून ते पिल्लू आणलेलं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी आक्कांना नावानं कधी हाक मारली नाही. चहा हवा असला की अगं, चष्मा सापडत नसला की अगं, देवळात निघाले की दारातून अगं. घरात आता आक्का, आई, आज्जी म्हणणारी माणसं आहेत. अगं म्हणणारा एकटा राघू.

अशा वेळी समुपदेशक म्हणून जे काही शिकलेय ते फारसं कामाला येत नाही. मी चहा प्यायले. आक्का यजमानांच्या गोष्टी सांगत राहिल्या. कायद्याचा शब्द मी काढला नाही. निघताना मात्र सांगितलं, "आक्का, ओजसनं राघूवर एक वही लिहिलीय. एकदा त्याच्याकडनं वाचून घ्या."

वाचन दोन दिवसांनी झालं, मी तिथं नव्हते. मेघनाताईंनी सांगितलं की सगळं ऐकून आक्का एवढंच म्हणाल्या, "तो उपटतोय व्हय? मला वाटलं, पिसं झडत्यात." दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला त्या खुर्ची घेऊन गॅलरीत बसल्या होत्या. चहा न करता.

त्यांनी राघू लगेच दिला नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. अभिजितना घाई झाली होती. त्यांना आता कायद्याची भीती बसली होती आणि एक दिवस त्यांनी 'गच्चीवर नेऊन सोडून देऊ' असा बेत केला. मी फोनवरच अडवलं. पंख कातरलेला, अकरा वर्षं उडलेला नसलेला पक्षी गच्चीवरून सोडणं म्हणजे घारीच्या, कावळ्याच्या, नाहीतर मांजराच्या तोंडी देणं. परदेशी प्राण्याच्या बाबतीत तर सोडणं आणखी वाईट; माझं कासव आठवा. कोणाकडे असा पक्षी किंवा प्राणी असेल आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल तर आधी एवढंच करा: सोडू नका, विकू नका, कोणाला देऊन टाकू नका. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी आहे, १९२६. तिथं विचारा. आपल्याकडे पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांच्या उपचाराचं केंद्र आहे. कापलेली पिसं गळून नवी यायला महिने लागतात, मग मोठ्या पिंजऱ्यात उडायचा सराव, आणि तरीही सगळेच पक्षी पुन्हा रानात जाऊ शकतील असं नाही.

मधल्या काळात अभिजितचं काम वेगळं होतं, आणि त्यांना ते राघूपेक्षा जड गेलं. मी त्यांना म्हटलं होतं, ओजसला नकार देताना कायदा, सोसायटी, उंदीर, आक्का, कशाचाही आडोसा घ्यायचा नाही. खरं काय ते सांगायचं. खरं हे होतं की त्यांनी वचन दिलं तेव्हा मुलाला नव्वद टक्के पडतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. हे सांगणं म्हणजे अपमान करणंच, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, अपमान आठवीत करून झालाय, आता कबुली उरलीय.

ते एका रात्री पार्किंगमध्ये बोलले, गाडीत बसूनच. ओजसनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही देणारच नव्हता?" "नाही." "मग पुढच्या वेळी आधीच नाही म्हणा." एवढंच. बापानं भरपाई म्हणून गिअरची सायकल पुढं केली, ती त्यानं नाकारली. त्याऐवजी त्यानं जे मागितलं ते अभिजितना महाग पडलं: महिन्यातून एक रविवार, कात्रजच्या सर्पोद्यानात, फोन खिशात ठेवून. माझ्या पिढीच्या पुणेकरांना कात्रज म्हटलं की ते सर्पोद्यान उभारणारे नीलिमकुमार खैरे आठवतात. १९८० साली बहात्तर विषारी सापांसोबत बहात्तर तास काचेच्या खोलीत बसलेले. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवायला ते बसले होते. अभिजितना हे ठाऊक नव्हतं. ओजसनं त्यांना तिथल्या बाकावर बसवून सांगितलं म्हणे, आणि बापानं पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकलं.

अजगराचं खूळ गेलं का? नाही. "अठरा झालो की माझा मी ठरवीन," असं त्यानं मला बजावलंय. फाइल त्यानं टाकलेली नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. अठराव्या वर्षी तो 'बॉल'चं चित्र आठवून ठरवेल, हा त्याचा अधिकार आहे. माझं मत विचारलं तर नोंदणी असो वा नसो, मी नको म्हणेन. एका जिवाला वीस-पंचवीस वर्षं पेटीत ठेवायला 'मला आवडतो' एवढं कारण मला पुरत नाही. पण हे मत त्याच्या गळी उतरवायची मला आता घाई नाही.

दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आक्कांनी आपणहून विषय काढला. "थंडी पडायच्या आत न्या. तिथं त्याला सोबत मिळंल." जायच्या आधी ओजसनं मोबाइल पिंजऱ्याजवळ ठेवून दोन सकाळी आवाज टिपून घेतला. वनविभागाची माणसं आली, त्यांनी कागद केले, आक्कांना उगाच दरडावलं नाही. आक्कांनी पिंजऱ्यावरचं फडकं घडी करून त्यांच्या हातात दिलं आणि आत गेल्या. पिंजरा परत नको म्हणाल्या.

फेब्रुवारीत ओजस एकटाच आला, वेळ न घेता. पुढची मंडळी यायला दहा मिनिटं होती. तो उभ्याउभ्याच बोलला. केंद्रात फोन केला होता. राघू बरा आहे. इतर पोपटांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात आहे, छातीवर पिसं यायला लागलीत, पंखांना नवी टोकं फुटतायत. आणि बोलणं जवळजवळ बंद केलंय. माणसांसारखं बोलत नाही आता, थव्यातल्यासारखा ओरडतो. तिथल्या ताईला त्याचा फार आनंद झाला होता.

"आज्जी रोज विचारते," ओजस म्हणाला, "राघू काय बोलतो म्हणून."

"तू काय सांगतोस?"

"सांगितलंच नाही अजून." त्यानं खिशातला मोबाइल चाचपला. "रेकॉर्डिंग आहे ना माझ्याकडं. सध्या तेच लावतो."